नववा खण

चारुशीलाने प्रिंटरमधून कागद फाडला, पंच खोलीचं दार खांद्यानं ढकललं आणि आतल्या पाच मशीनांचा खडखडाट थांबायची वाट न पाहता विचारलं,

"कुसुमताई, हा नऊ कोणाचा?"

कुसुमताईंनी हातातलं कार्ड शेवटच्या भोकापर्यंत पंच केलं, ते चवडीवर पडू दिलं, मग चष्मा लावला. खोलीतला पंखा बंद होता. एप्रिलमध्येही तो बंदच असे, नाहीतर कार्डं उडायची. कागद हातात घेताना त्यांच्या बोटांचे ओले ठसे कडेला उमटले.

कागदावर थोड्याच ओळी होत्या, इंग्रजीत. मराठीत सांगायच्या तर अशा :

ओळ ४१२. टेबलाचे खण आठ. मागितलेला खण नववा. काम थांबवले.
थांबताना हातात असलेले कार्ड : अर्ज क्रमांक १७, बायजाबाई धोंडबा, इंदोरा. प्रवर्ग ९.

"बौद्धांचा," कुसुमताई म्हणाल्या. "काहून?"

"टेबलात आठच आहेत, ताई."

"नऊ आहेत. कागद आहे ना मायाकडे."

त्यांनी मेजावरची काच उचलली आणि खालून एक पिवळा पडलेला कागद काढला. आठ ओळी टाइप केलेल्या. नववी हातानं लिहिलेली, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात : ९ – बौद्ध.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

इशारा : चारुशीला हे नाव आले. ओळख दिलेली नाही.
इशारा : टेबल हा शब्द आला. अर्थ दिलेला नाही.

नवी आवृत्ती अशी बोलत असे. काही न सांगता पुढे गेलं की टोकत असे.

तर, चारुशीला सव्वीस वर्षांची. गणित घेऊन एम.एस्सी. झालेली, सिव्हिल लाइन्समधल्या एका खासगी गणना केंद्रात आठ महिन्यांपूर्वी प्रोग्रामर म्हणून लागलेली, अजून कायम न झालेली. केंद्राचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक नवनिवास मंडळ. हे मंडळ गरीब कुटुंबांना दोन खोल्यांचे गाळे वाटत असे आणि अर्जदारांची यादी दर वर्षी केंद्राचं यंत्र काढून देत असे. कुटुंब केवढं, कमाई किती, प्रवर्ग कोणता, यांचे गुण मिळवून. एका अर्जाचं एक कार्ड, त्यावरची माहिती पंच केलेल्या भोकांत. प्रवर्गाचे गुण यंत्रात एका टेबलात ठेवलेले होते. टेबल म्हणजे ओळीनं मांडलेले खण. तिसऱ्या खणात अनुसूचित जातींचे वीस, आठव्या खणात इतरांचे पाच.

यादीचा प्रोग्राम कोबोल भाषेत लिहिलेला होता. माणसाची कोबोल यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कम्पायलर. जुना कम्पायलर मुकाट होता. त्याला चूक दिसली तर एक आकडा छापायचा, त्या आकड्याचा अर्थ जाड पुस्तकात शोधावा लागे. चूक दिसली नाही तर काहीच बोलायचा नाही. नवी आवृत्ती दिल्लीहून टेपवर आली होती. ती ओळ दाखवायची, कारण सांगायची आणि प्रोग्राम चालू असतानाही प्रत्येक टेबलावर लक्ष ठेवायची. बदल्यात ती पाव भाग जास्त मेमरी खायची, आणि चार तासांच्या यादीला साडेपाच तास लावायची. दिल्लीचं पत्र होतं की जूननंतर जुन्या आवृत्तीला मदत मिळणार नाही. शुक्रवारी मंडळाचे सचिव ओमप्रकाशजी स्वतः येऊन नवी आवृत्ती चालताना पाहणार होते, आणि घ्यायची की नाही त्यावर सही करणार होते.

आज मंगळवार होता.

"आठ वर्षं तर काही थांबलं नाही," कुसुमताई म्हणाल्या.

"जुनी आवृत्ती थांबतच नाही." चारुशीलानं स्टूल ओढलं. "समजा भिंतीत आठ खण आहेत. तुम्ही नववा मागितला. जुनी आवृत्ती मोजत नाही. ती आठव्याच्या पुढे हात घालते आणि हाताला लागेल ते आणून देते."

"काय लागते?"

"मी काढलं शोधून. टेबलाच्या लगेच पुढे पानाचा आकडा ठेवलेला आहे. यादी छापताना कितवं पान चालू आहे, तो."

बाजूच्या मशीनवरच्या बाईनं कार्डांची नवी चवड भरली. कुसुमताईंनी तिला हातानंच थांबवलं.

"म्हणजे मावशीले..."

"मावशी?"

"हे सतरा नंबर. बायजाबाई. मायी मावशी आहे."

चारुशीलानं एक क्षण कागदाकडे पाहिलं. "त्या पहिल्या पानावर आहेत. म्हणजे एक गुण."

"दर वर्षी?"

"सतरा नंबर दर वर्षी पहिल्याच पानावर येणार."

कुसुमताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग काचेतून आरपार पाहत, जणू सहज, त्यांनी विचारलं,

"अन् शेवटच्या पानावर होते त्यायले?"

"पहिल्या यादीत चाळीस पानं होती. त्यांना चाळीस. सगळ्यांत जास्त."

कुसुमताईंनी चष्मा परत लावला.

इशारा : या ठिकाणी एक घर आहे. ते कुठून आले ते सांगितलेले नाही.

प्रताप नगरच्या पलीकडे मंडळाची पहिली वसाहत झाली तेव्हा कुसुमताईंना गाळा लागला होता. पहिल्याच यादीत, १९७५ साली. दोन खोल्या, आत नळ, स्वतःचा संडास. त्यांनी अर्ज मुदतीच्या अखेरच्या दिवशी भरला होता, कारण नोकरी होती, आधी गरजवंतांचे अर्ज जाऊ देत असं त्यांना वाटलं होतं. अर्ज क्रमांक २३९१. नाव लागलं तेव्हा त्या पेढे घेऊन इंदोऱ्याला मावशीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "यंत्राले कोणाचं तोंड दिसत नाही मावशी. वशिला नाही, काही नाही. तुयाही नंबर लागन." पुढच्या वर्षीही तेच म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. आठ वर्षांत त्या वाक्यातला एकही शब्द बदलला नव्हता.

जुनी आवृत्ती

१९७४. दिवाळी चार दिवसांवर. धोंडबा, म्हणजे बायजाबाईंचे यजमान, कुसुमताईंचे मावसाजी, बायकोच्या नावाच्या अर्जाचा कागद घेऊन बसले आहेत. कुसुमताई तो तपासून देतात. जातीच्या रकान्यात बौद्ध लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी धोंडबा पहाटेपासून रांगेत उभे राहतात आणि सतरावा नंबर घेऊन येतात.

आठवड्याभरानं तोच अर्ज पंच खोलीत येतो. प्रवर्गांच्या कागदावर आठच ओळी. कुसुमताई अर्ज घेऊन आनंदरावांकडे जातात. तेव्हा आनंदराव एकटेच प्रोग्रामर. ते पान लावत आहेत.

"सर, बौद्ध कशात टाकू?"

"इतरमध्ये टाका."

"इतर काहून?"

"मग तीनमध्ये टाका. तेच ना ते."

"तेच नाही सर."

आनंदराव वर पाहतात. चुना बोटावर तसाच.

"नऊ रिकामा आहे. नऊ द्या. डोकं नका खाऊ."

कुसुमताई परत येतात आणि निळ्या शाईनं नववी ओळ लिहितात.  छप्पन साली त्या बारा वर्षांच्या होत्या, मावशीचं बोट धरून, पांढऱ्या लुगड्यांच्या त्या अफाट गर्दीत उभ्या होत्या. तेव्हा जे सोडलं ते सोडलं होतं. पण नवीन नाव कुठल्या यंत्रात, कुठल्या रजिस्टरात असं स्वतःच्या आकड्यानं बसलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या संध्याकाळी त्या बस न घेता चालत घरी जातात.

काम पूर्ण. चूक आढळली नाही.

बुधवारी सकाळी आनंदरावांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. आता ते केंद्राचे व्यवस्थापक होते. निवृत्तीला दोन वर्षं होती. मेजावर चारुशीलानं लिहिलेला चार पानांचा अहवाल होता, त्यावर त्यांनी पानाचा डबा ठेवला होता.

"छान लिहिलं," ते म्हणाले. "इंग्रजी चांगलं आहे तुमचं. आता हे फाडायचं."

"सर, टेबलात नववा खण वाढवला की झालं. एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचं कसं? त्या खणात किती गुण टाकाल? पाच? दहा? वीस? हे तुम्ही ठरवणार का मी? मंडळाचा ठराव लागते त्याले. ठरावाले कारण लागते. कारण काय लिहाल? की आठ वर्षं आम्ही पानाचा आकडा वाटून राहिलो?"

"खरं तेच आहे."

"आठ वर्षांत एक तक्रार आली काय?"

"तक्रार कशी येईल सर? यादीत फक्त एकूण गुण छापतो आपण."

आनंदरावांनी डबा उघडला, बंद केला. "मले तर ही नवी आवृत्तीच नको होती. चांगलं चालून राहिलं होतं. पण दिल्लीवाले जूननंतर हात वर करतात, तर घ्या. घेऊ. फक्त शुक्रवारी ते सचिवासमोर थांबलं नाही पाहिजे." ते कुसुमताईंकडे वळले. "नऊची कार्डं किती आहेत यादीत?"

"काल काढली सर. दोनशे बारा."

"दोनशे बारा. उद्या संध्याकाळपर्यंत नवीन पंच करा. नऊच्या जागी तीन."

कुसुमताई उभ्याच होत्या. खुर्ची समोर होती.

"तीन आम्ही नाही, सर."

"अवो कुसुमताई, कार्डावर तीन. माणसावर थोडीच? गळ्यात पाटी बांधायले सांगून राहिलो का मी?"

"नऊ तुम्हीच द्या म्हणाले होते."

"म्हणालो असन." ते शांतपणे म्हणाले. "तोंडी. कागदावर अक्षर कोणाचं आहे?"

चारुशीलानं खाली पाहिलं. बाहेर कोणीतरी पाण्याच्या माठावर झाकण ठेवलं.

"हे पहा," आनंदरावांचा आवाज उतरला, आणि तो खरोखरच मऊ झाला होता. "तीन टाकलं की त्या सगळ्यांले वीस गुण. तुमची मावशी पुढच्याच यादीत गाळ्यात जाते. ठराव केला, चौकशी बसली, तर दोन वर्षं यादीच निघत नाही. किती वर्षांची आहे म्हातारी?"

"अडुसष्ट."

"मग? अन् चौकशी पहिल्या यादीपासून होईन. चाळिसावं पान मीही पाहिलं. त्यात कोण कोण आहे ते मीही वाचलं." त्यांनी अहवालाची पानं नीट जुळवली आणि चारुशीलाकडे सरकवली. "तुमच्या कायम होण्याचा कागद सोमवारी जाते मॅडम. मी कोणाचं वाईट करत नाही. ज्याले घर पाहिजे त्याले घर, ज्याले नवी आवृत्ती पाहिजे त्याले नवी आवृत्ती."

बाहेर आल्यावर चारुशीला म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, ताई. मी कार्डं बदलायला सांगणार नाही. बदलू नका असंही सांगणार नाही."

"हे काय सांगणं झालं बाई?"

"नाही झालं," चारुशीला म्हणाली. "मला माहीत आहे."

बायजाबाई दारावर टांगलेल्या पोत्यावर तांब्यानं पाणी शिंपडत होत्या. पोतं ओलं राहिलं तर आत बसता येत असे, वाळलं की खोली भट्टी. एक तांब्या शिंपडून त्या चौकटीला टेकल्या, गुडघा चोळला, आणि मग कुसुमताई दिसल्या.

"ये वं. आज बुधवारी कशी?"

"कामानं आली."

"आमच्याकडे कोनतं काम? पानी आनून देतं का नळावरून? दोन गुंड बाकी हायेत."

कुसुमताईंनी आधी पाणी आणलं. वस्तीच्या टोकाला नळ, रांगेत पाऊण तास. पहिला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, ठेवून दुसरा आणेपर्यंत ऊन उतरलं. मग त्या आत बसल्या आणि सगळं सांगितलं. खण, पानाचा आकडा, एक गुण. सोपं करून सांगताना त्यांना वाटलं की आपण हे कुणा तिसऱ्याचं सांगतो आहोत. बायजाबाई ऐकत होत्या आणि मध्येच उठून पोत्यावर पाणी मारत होत्या.

"मंजे आमी पयले उभे रायलो म्हून मले एकच," बायजाबाई म्हणाल्या.

"तसंच समज."

"अन् मांगून आला त्याले जास्त. वा रे वा. बसच्या दरवाज्यासारखं झालं थे." त्या हसल्या, हसताना खोकला आला, खोकला बराच वेळ चालला. भिंतीचा खालचा हातभर भाग काळा पडला होता. पावसाळ्यात नाला तिथवर यायचा. याच खोलीत धोंडबा दोन पावसाळ्यांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले होते.

"मावशी, माया गाळा याच चुकीनं आला," कुसुमताई म्हणाल्या.

बायजाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"चुकीनं आला. पन आला ना?"

"हो."

"मंग?"

"मंग काही नाही." कुसुमताईंनी गुंडाची कड पुसली. "सर म्हणून राहिले, कार्डावर तीन टाका. तीनले वीस गुण आहेत. पुढच्या यादीत तुयं नाव लागते. म्हणून इचारायले आली. तीन म्हणजे..."

"तीन मंजे काय थे मले समजते वं. लिही."

"मावशी."

"लिही ना. तुया मावसाजीनं पयले थेच लिहलं होतं."

कुसुमताईंनी वर पाहिलं.

"कधी?"

"कधी मंजे? फारम भरला तवा. थे म्हने, सरकारी काम हाये, तिथी जुनंच चालते, पोटासाठी लिहाले का जाते. तू आली, फारम पायला, अन् खोडलं. हितंच बसून. तुया पेन होता निया शाईचा. तू म्हनली, मावसाजी, आपन तिकडून निंघून आलो. मंग थे चूप बसले."

"मले आठवत नाही."

"तुले कायले आठवन? तुले बरं वाटून रायलं होतं." बायजाबाईंनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. "मलेही वाटलं. म्या वस्तीत सांगत फिरली, आमच्या पोरीनं आमचा नंबर काढला म्हून. खोटं कायले बोलू."

"तू बोलली नाही कधी."

"काय बोलाचं? तू दर साली पेढे आनल्यासारखी येत जाय अन् म्हनत जाय, यंत्राले तोंड दिसत नाही." त्यांनी पुन्हा गुडघा धरला. "आता पाय चालत नाही वं. नळ घरात पायजे. म्या कोन हाये थे मले ठावं हाये. कार्डाले काहून सांगा लागते?"

पोत्यातून गाळलेला उजेड जमिनीवर हलत होता. कुसुमताई उठल्या. दारात म्हणाल्या,

"दोनशे बारा आहेत असे."

"असतीन."

"सगळ्यांचं तीनच करा म्हणते."

"त्यायचं मले नोको इचारू," बायजाबाई म्हणाल्या. "म्या माया सांगतलं. त्यायच्या दारात जाय अन् त्यायले इचार. एक डाव तू न इचारता खोडलं ना."

नवी आवृत्ती

१९७४. दिवाळी चार दिवसांवर. धोंडबा अर्जाचा कागद घेऊन बसले आहेत. जातीच्या रकान्यात त्यांनी, गिचमिड पण वाचता येईल अशा अक्षरात, जुनं नाव लिहिलेलं आहे. लिहून झाल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला आहे. कुसुमताई तो सुलटा करतात. धोंडबा भिंतीकडे पाहतात. त्या भिंतीचा खालचा हातभर भाग तेव्हाही काळा आहे. कुसुमताई पेनाचं टोपण दातांनी काढतात आणि

काम थांबवले.

कारण : अर्जदाराला विचारलेले नाही.

इशारा : धोंडबा हे नाव यापुढे कुठेही येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पंच खोलीतल्या बायका गेल्यावर कुसुमताई खिडकीजवळच्या मशीनवर बसल्या. लांब पत्र्याच्या पेटीत यादीची कार्डं होती, आणि मेजावर वेगळी काढलेली नऊची चवड. त्यांनी ती पहिल्यापासून चाळली. कामठी. इंदोरा. वाडी. पुन्हा इंदोरा. काही नावं माहीत होती, बहुतेक नव्हती. दोनशे बारा दारं, आणि हाताशी एक संध्याकाळ. त्या बराच वेळ बसल्या, मग मशीन सुरू झालं, मग बंद झालं. चारुशीला दारातून जाताना थांबली होती की नाही, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी कार्डं पेटीत आपापल्या जागी लावली, पेटीला दोरी बांधली आणि ती यंत्राच्या खोलीत नेऊन ठेवली.

शुक्रवारी ओमप्रकाशजी साडेदहाला आले. यंत्राच्या खोलीत बाहेरच्या उन्हाचा मागमूस नसे, दोन एअर कंडिशनर सतत चालू. आनंदरावांनी त्यांच्यासाठी स्वेटर मागवून ठेवला होता. ओमप्रकाशजींनी तो खांद्यावर टाकला आणि हात चोळले.

"यहाँ तर शिमला आहे, आनंदराव."

"यंत्राले गर्मी चालत नाही साहेब. माणसाले चालते." आनंदराव हसले. ते आज प्रसन्न होते. "दाखवा मॅडम. नवी आवृत्ती, आपली घरांची यादी. पूर्ण यादी, काही कापलं नाही."

चारुशीलानं कार्डांची पेटी वाचकाजवळ, म्हणजे कार्डं वाचणाऱ्या मशीनजवळ, ठेवली आणि पहिला गठ्ठा आत घातला. कुसुमताई दाराशी उभ्या होत्या. पंच खोलीच्या प्रमुखानं इथं उभं राहायची रीत नव्हती, पण त्यांना कोणी जा म्हटलं नाही. वाचकानं कार्डं गिळायला सुरुवात केली. प्रिंटर ओळीमागून ओळ सोडू लागला. आनंदराव बोट ठेवून समजावत होते, हा अर्ज क्रमांक, हे नाव, हे एकूण गुण. चारुशीलाचं लक्ष पहिल्या ओळींवर होतं. पंधरा गेला. सोळा गेला. सतरा गेला. तिनं श्वास सोडला, आणि तो आरामाचा होता की कशाचा, हे तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. तिनं दाराकडे पाहिलं नाही.

एकेचाळीसला यंत्र थांबलं.

एअर कंडिशनरचा आवाज एकदम मोठा वाटला.

"का रुकलं?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"नवीन आहे ना साहेब. कधी कधी..." आनंदराव प्रिंटरकडे वाकले आणि तसेच राहिले.

"वाचा तुम्ही," ओमप्रकाशजी चारुशीलाला म्हणाले.

तिनं कागद फाडला नाही. तो प्रिंटरमध्येच असताना, ओळीवर बोट न ठेवता वाचला. टेबलाचे खण आठ, मागितलेला नववा. आणि हातातलं कार्ड : गोपिका रामाजी, कामठी.

"मतलब काय याचा?"

चारुशीलानं सांगितलं. मंगळवारी कुसुमताईंना सांगितलं होतं तसंच. भिंतीतले खण, पुढे गेलेला हात, पानाचा आकडा.  ओमप्रकाशजींनी खांद्यावरचा स्वेटर काढून खुर्चीवर टाकला.

"हा नऊ कोणी दिला?"

"मी," कुसुमताई दारातून म्हणाल्या.

"तुम्ही कोण?"

"पंच खोली माझ्याकडे आहे. कागदावर अक्षर माझं आहे."

"आणि यातल्या कोणाला घर मिळालं आजपर्यंत?"

"काहींना मिळालं. शेवटच्या पानांवरचे. त्यात मी आहे."

आनंदरावांनी घसा खाकरला.  एक कार्ड वाचकाच्या तोंडाशी अर्धं आत, अर्धं बाहेर अडकून राहिलं होतं.

ओमप्रकाशजी कुसुमताईंकडे पाहत राहिले. रागावले नव्हते. हिशेब लावत असावेत, कशाचा ते कळत नव्हतं.

"बाकी किती आहेत असे? ज्यांना नाही मिळालं?"

"दोनशे अकरा."

"बारा," आनंदराव म्हणाले.

 मग ओमप्रकाशजींनी मान वळवली, सावकाश, आणि पहिल्यांदाच आनंदरावांकडे नीट पाहिलं.

"अकरा, सर," कुसुमताई म्हणाल्या. "एका बाईले मी इचारलं."